सनद दाखवा : इनाम कमिशन आणि बंद दप्तराची गोष्ट

आपल्याकडे इनामदार हे आडनाव हिंदूंतही आहे आणि मुसलमानांतही. काझी, खतीब, मुजावर, पीरजादे, मुलाणी ही आडनावेही गावोगावी सापडतात. या प्रत्येक आडनावामागे कधीकाळी जमिनीचा एखादा तुकडा होता. कुणाला निवाड्याच्या कामाबद्दल, कुणाला मशिदीच्या दिवाबत्तीसाठी, कुणाला दर्ग्याच्या उरुसासाठी, कुणाला तलवार गाजवल्याबद्दल तो मिळाला होता. आज यातल्या अनेक घरांत आडनाव तेवढे राहिले आहे. जमीन कुठे गेली, असे विचारले तर "इंग्रजांच्या काळात गेली" एवढेच मोघम उत्तर मिळते.

ती जमीन नेमकी कशी गेली, कोणत्या कायद्याने गेली, आणि ती ज्या कागदांच्या आधारावर गेली ते कागद पुढे पाऊणशे वर्षे कुणाला पाहू का दिले गेले नाहीत, याची ही हकीकत आहे. संशयित मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार आणि फाइल बंद ठेवण्याचा अधिकार हे दोन्ही एकाच हातात आले म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने १८५२ ते १८६३ या काळात पुरते अनुभवले आहे.

इनाम म्हणजे काय

इनाम म्हणजे सारा माफ असलेली जमीन. ही पद्धत मराठ्यांनी सुरू केलेली नाही. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मुघल अशा एकामागून एक राजवटी दख्खनमध्ये आल्या आणि प्रत्येकीने आपापल्या सनदा दिल्या. नवी राजवट आली की जुन्या सनदेवर नवा हुकूम होई आणि इनाम पुढे चालू राही. त्यामुळे एकाच घराण्याच्या पेटीत फारसी फर्मान, आदिलशाही खुर्दखत आणि मोडीतले मराठी राजपत्र एकत्र सापडणे हे काही नवल नव्हते.

शिवाजी महाराजांनीही हा रिवाज मोडला नाही. मुलुखातील देवस्थानांबरोबर पीर आणि मशिदी यांचीही दिवाबत्ती स्थान पाहून चालवली गेली, असे सभासद बखर नोंदवते. पेशवाईतही काझी, मुजावर, पीरस्थाने यांची इनामे चालू होती. याचा अर्थ तो काळ सुवर्णयुग होता असा नाही. जप्ती तेव्हाही होत असे, नजराणाही उकळला जाई. पण चालत आलेले इनाम चालू ठेवायचे, हा सर्वसाधारण शिरस्ता होता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. जे लोक बाजीरावाची नोकरी दोन महिन्यांत सोडतील त्यांची वतने, इनामे, वर्षासने आणि नेमणुका सुरक्षित राहतील, कुणाच्या धर्माला हात लागणार नाही, असा त्याचा आशय होता. लढाई पूर्ण संपलेली नसताना दिलेले हे वचन होते. सरदार, वतनदार, काझी, भटभिक्षुक या सगळ्यांनी ते खरे मानले. बाजीरावाच्या बाजूने लोक फारसे का उठले नाहीत, याचे एक कारण या जाहीरनाम्यात आहे.

संशय कुठून आला

कंपनी सरकारचा संशय अगदीच निराधार होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जात. वरच्याला रक्कम भरायची आणि खालून वसूल करायची, असा तो व्यवहार होता. अशा वेळी अधिकार नसलेल्या कमाविसदाराने परस्पर जमिनी इनाम करून देणे, कुलकर्ण्याने पुस्तकात फेरफार करणे, वारस संपूनही इनाम चालू ठेवणे असे प्रकार घडले. राज्य बदलण्याच्या गोंधळात बनावट सनदाही तयार झाल्या. १८१८ नंतर इंग्रज कलेक्टरांनी हे दावे तपासले नाहीत. "तूर्त चालू द्या" म्हणून सोडून दिले.

पुढे कंपनीला पैशाची चणचण भासू लागली. सारा भरणारी जमीन किती आणि माफीची किती, याचे हिशेब झाले. माफीच्या जमिनीचा आकडा पाहून मुंबई सरकारचे डोळे विस्फारले. १८४३ मध्ये दक्षिण मराठा मुलुखात, म्हणजे धारवाड-बेळगावच्या बाजूला, इनामांची चौकशी सुरू झाली. त्या चौकशीला कायद्याचे बळ देण्यासाठी १८५२ चा अकरावा कायदा आला. हेच ते इनाम कमिशन.

खोटे इनाम शोधून काढणे हा उद्देश म्हणून चुकीचा नव्हता. सारा न भरणाऱ्याचा बोजा शेवटी सारा भरणाऱ्या कुणब्यावरच पडतो. खोट्या सनदेवर माफी खाणारा माणूस गरीब रयतेचेच खात असतो. त्यामुळे प्रश्न चौकशी करावी की नाही, हा नव्हता. ती कुणी करायची, कोणत्या पुराव्यावर आणि कुणासमोर, हा होता.

फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच

या कायद्याच्या रचनेत तीन गोष्टी होत्या. त्या नीट समजून घेतल्या पाहिजेत, कारण पुढच्या पावणेदोनशे वर्षांत त्या वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटतात.

पहिली गोष्ट, पुराव्याचा भार. इनाम खोटे आहे हे सरकारने सिद्ध करायचे नव्हते. ते खरे आहे हे इनामदाराने सिद्ध करायचे होते. मूळ सनद नसेल तर इंग्रजी अंमल येण्याआधी साठ वर्षे अखंड ताबा होता आणि तेव्हा मूळ इनामदाराच्या नातवापर्यंत किंवा त्याच्या पुढच्या पिढीपर्यंत तो आला होता, असे काही दाखवावे लागे. शंभर वर्षांत कितीदा स्वाऱ्या झाल्या, कितीदा गावे जळाली, कितीदा दुष्काळात लोक घरदार सोडून परागंदा झाले, याचा हिशेब कायद्यात नव्हता. वाळवीचाही नव्हता.

दुसरी गोष्ट, चौकशी करणारा अधिकारी. कमिशनचे अनेक सहायक हे तरुण लष्करी अधिकारी होते. न्यायदानाचे शिक्षण त्यांना नव्हते. हक्क तपासणारे तेच आणि त्यावर निकाल देणारेही तेच. ज्या सरकारच्या तिजोरीत जप्तीचा सारा जमा होणार, त्याच सरकारचे ते नोकर होते. मदतीला एतद्देशीय माणसेही होती. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे १८५६ मध्ये असिस्टंट इनाम कमिशनर झाले होते. म्हणजे सगळेच अधिकारी अडाणी किंवा दुष्ट होते असे नाही. पण चौकटच अशी होती की चांगल्या माणसालाही सरकारच्या चष्म्यातूनच पाहावे लागे.

तिसरी गोष्ट, न्यायालय बंद. कमिशनच्या निर्णयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात जाता येत नव्हते. अपील करायचे तर ते वरच्या इनाम कमिशनरकडे आणि त्याहून वर मुंबई सरकारकडे. म्हणजे ज्याने घेतले त्याच्याच दारात दाद मागायची.

दप्तर कुणाच्या हाती

आता कागदांकडे वळू. खरी मेख तिथेच आहे.

पेशव्यांचे सरकारी दप्तर पुण्यात होते. रोजकीर्दी, जमाखर्च, सनदांच्या नकला, ताळेबंद, पत्रव्यवहार असे कोट्यवधी कागद कापडी रुमालांत बांधलेले होते. १८१८ नंतर ते सगळे इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुण्यातून एखाद्या गावी इनाम दिले असेल तर त्याची नोंद या दप्तरात असणार. तीच नोंद इनामदाराचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरणार. पण दप्तर उघडून पाहण्याचा हक्क इनामदाराला नव्हता. कमिशनचा कारकून शोध घेणार, त्याला जे सापडेल ते साहेबापुढे ठेवणार, आणि नोंद सापडली नाही तर ती नाहीच असे धरले जाणार.

दरबारी कागदपत्रांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला यातला अन्याय सांगावा लागत नाही. दप्तरात नोंद नसणे आणि नोंद न सापडणे यांत फार मोठा फरक आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची हेळसांड झाली होती. शिवाय आदिलशाहीतले किंवा मुघलांचे इनाम, जे पेशव्यांनी केवळ चालू ठेवले, त्याची मूळ सनद पुण्याच्या दप्तरात असण्याचे कारणच नव्हते. काझी आणि पीरजाद्यांच्या घराण्यांची अडचण इथे अधिक होती. त्यांचे मूळ कागद फारसीत आणि जुन्या राजवटींचे.

कमिशन एवढ्यावर थांबले नाही. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली दप्तरे त्याने गोळा केली. पुणे पुरालेखागारात आजही 'जमाव' नावाचा एक मोठा विभाग आहे. इनाम कमिशनने ठिकठिकाणच्या वतनदारांकडून जमा केलेले कागद त्यात आहेत. नावातच सगळी कथा आली. जे कागद घरात होते ते सरकारजमा झाले आणि जे सरकारात होते ते पाहायला मिळेनात. सनद दाखवा असे विचारणाऱ्याच्याच कपाटात सनद होती.

हिशेब

पाच वर्षांत सुमारे ३५ हजार इनामांची चौकशी झाली आणि त्यातली सुमारे २१ हजार, म्हणजे पाचांतली तीन, जप्त झाली. १८५७ चा इतिहास लिहिणाऱ्या जॉन के यानेही हे आकडे दिले आहेत. यात मोठे सरदार थोडे होते. बहुतेक लोक लहान होते. दहा-पंधरा बिघ्यांवर कुटुंब चालवणारा काझी, दर्ग्याचा मुजावर, विधवा, भिक्षुक ब्राह्मण, जुना शिलेदार. मशीद, मंदिर अशा कायमस्वरूपी संस्थांच्या इनामांना कायद्यात वेगळा आणि सौम्य नियम होता. पण हे इनाम संस्थेचे की सेवा करणाऱ्या माणसाचे, हे ठरवण्याचा अधिकारही कमिशनकडेच होता. गावातल्या लहान दर्ग्याच्या बाबतीत ही रेघ कुठे ओढायची, हा वाद आजही कोर्टात चालतो.

या कारभाराविरुद्ध सगळ्यात ठाम आवाज उठवणाऱ्यांत एक इंग्रज होता. मुंबईच्या 'बॉम्बे टाइम्स'चा संपादक रॉबर्ट नाइट याने १८५९ मध्ये 'द इनाम कमिशन अनमास्क्ड' नावाची पुस्तिका लंडनमध्ये प्रसिद्ध केली. पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया' आणि 'स्टेट्समन' या वृत्तपत्रांच्या जडणघडणीत त्याचे नाव येते. मुखवटा काढणे हा त्याने निवडलेला शब्द नेमका होता. कमिशनची कृत्ये सगळ्यांना दिसत होती, ती कोणत्या आधारावर होत आहेत ते मात्र झाकलेले होते.

१८५७ चा उठाव महाराष्ट्रात उत्तरेइतका पेटला नाही. पण असंतोष होता आणि इनाम कमिशन हे त्याचे एक मोठे कारण होते, हे इंग्रज अधिकाऱ्यांनीच नंतर मान्य केले. १८५८ मध्ये नरगुंदच्या संस्थानिकाच्या लोकांनी पोलिटिकल एजंट चार्ल्स मॅन्सन याला ठार केले. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचे मुख्य दुखणे दत्तक नामंजूर झाल्याचे होते. पण मॅन्सनने याआधी इनाम कमिशनात काम केले होते आणि त्याच्याबद्दलचा राग त्या कामाशीही जोडलेला होता.

उठावानंतर सरकारने हात आखडता घेतला. १८६३ मध्ये मुंबई सरकारने दुसरा आणि सातवा असे दोन कायदे करून सरसकट तडजोड केली. इनामदाराने वार्षिक ठरावीक रक्कम भरायला कबूल व्हावे आणि सरकारने पुढची चौकशी सोडून द्यावी, असा तो सौदा होता. त्याबद्दल छापील इंग्रजी सनदा दिल्या गेल्या. अनेक घरांत आज जी "जुनी सनद" म्हणून जपून ठेवलेली असते ती याच तडजोडीची असते. पण १८५२ ते १८५७ मध्ये जे गेले ते गेलेच. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर अशा दाव्यांसाठी न्यायालयाचा दरवाजा आणखी अरुंद केला. कलेक्टरचा दाखला असल्याशिवाय दावाच चालणार नाही, असे झाले.

बंगालचा धडा

हे फक्त मुंबई इलाख्यात घडले असे नाही. बंगालमध्ये १८१९ आणि १८२८ च्या रेग्युलेशननुसार लाखिराज, म्हणजे करमुक्त, जमिनींची अशीच चौकशी झाली होती. तिथे मदद-ए-मआश आणि आयमा जमिनींवर मकतब, मदरसे आणि विद्वानांची घरे चालत. डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर हा इंग्रज सनदी अधिकारी. त्याने १८७१ मध्ये 'द इंडियन मुसलमान्स' या पुस्तकात लिहिले की, या कारवाईवर ८ लाख पौंड खर्च झाले आणि वर्षाला ३ लाख पौंडांचा महसूल कायमचा वाढला. शेकडो जुनी घराणी बुडाली आणि मुसलमानांची शिक्षणव्यवस्था मोडली, हेही त्यानेच लिहिले.

हंटरची सगळी मते स्वीकारण्याजोगी नाहीत. मुसलमानांकडे पाहण्याची त्याची नजर साम्राज्याच्या सोयीची होती. पण त्याचा हा हिशेब महत्त्वाचा आहे. मुसलमान शिक्षणात मागे का राहिले, असा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा त्यांच्या धर्मात किंवा स्वभावात शोधले जाते. शाळा ज्या जमिनीच्या उत्पन्नावर चालत होत्या ती जमीनच काढून घेतली गेली, हे कारण क्वचितच पुढे येते. ते पुढे येत नाही, कारण त्याचे कागद सहज समोर येत नाहीत.

काम संपले, कुलूप राहिले

१८६३ च्या तडजोडीनंतर इनाम कमिशनचे काम जवळजवळ संपले. मग निदान दप्तर खुले व्हायला हवे होते. तसे झाले नाही. पुण्यात या दप्तरासाठी दगडी इमारत उभी राहिली, ती १८९१ मध्ये पूर्ण झाली. तिचे नाव 'एलियनेशन ऑफिस'. एलियनेशन म्हणजे सरकारच्या महसुलातून वेगळी काढून दिलेली जमीन. म्हणजे मराठ्यांच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाची साधने ज्या घरात ठेवली त्याचे नावदेखील महसुली भांडणावरून पडले. सरकारच्या लेखी हा इतिहास नव्हता, दाव्यांचा पुरावा होता. आणि पुरावा उघडला तर लोक पुन्हा दावे करतील, ही भीती होती.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पिढीला या दप्तराचे मोल कळले होते. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांना उतारे काढण्याची परवानगी मिळाली आणि त्यांतून सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिश्या छापल्या गेल्या. रानड्यांनी १९०० मध्ये त्यांवर निबंध वाचला. पण हा अपवाद होता. सामान्य संशोधकाला दार बंदच होते. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या दुकानांतून कागद गोळा करत राहिले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड काढले. त्यांची तपश्चर्या मोठी खरीच. पण सगळ्यात मोठा खजिना पुण्यातच कुलपात होता, हेही तितकेच खरे.

अखेर जदुनाथ सरकार यांच्यासारख्यांच्या आग्रहाने सरकार नमले. गो. स. सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम आले आणि १९३० ते १९३४ या काळात 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. मोडीतले कागद देवनागरीत आले. मराठ्यांचा इतिहास नव्याने लिहिणे शक्य झाले. मात्र एका अभ्यासकाला परवानगी मिळाली म्हणजे दप्तर खुले झाले असे नाही. पुण्यातले इतर संशोधक तेव्हाही बाहेरच राहिले आणि त्याबद्दल त्यांची नाराजी होती.

१८५२ मध्ये ज्याचे इनाम गेले, त्याचा पणतू १९३० मध्ये म्हातारा झाला असेल. कागदांतून जे बाहेर आले त्याचा त्याला काय उपयोग? उशिरा उघडलेली फाइल इतिहासकाराच्या कामाची असते. पीडिताला ती वेळेवर हवी असते.

जप्ती कशी असावी

संशयास्पद संपत्तीवर राज्याने हात टाकावा की नाही, यावर मुस्लिम इतिहासात जुना अनुभव आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल बलाजुरीसारखे इतिहासकार नोंदवतात की, कुणाला प्रांताचा कारभार देताना ते त्याच्या मालमत्तेची यादी लिहून ठेवत आणि नंतर जास्तीचे आढळले तर त्यातला वाटा बैतुलमालमध्ये जमा करत. इजिप्तचे विजेते अम्र बिन आस यांच्याकडे मुहम्मद बिन मस्लमा यांना हिशेबासाठी पाठवले गेले. खालिद बिन वलीद यांच्यासारख्या सेनापतीला हिम्समध्ये लोकांसमोर प्रश्न विचारले गेले. त्यांना दूर केल्यावर उमर यांनी प्रांतोप्रांती पत्र लिहून कारण कळवले. बेइमानीमुळे नव्हे, लोक त्यांच्याच नावाने भारावून जात आहेत म्हणून हा निर्णय घेतला, असा त्या पत्राचा आशय होता. आणि स्वतःच्या मुलांनी बसऱ्याच्या बैतुलमालमधल्या रकमेवर व्यापार करून नफा कमावला, तेव्हा तो नफाही अर्धा घेतला गेला. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये ही हकीकत आहे.

या नोंदींत रकमांचे आकडे वेगवेगळे सापडतात, तपशिलावर वादही आहेत. पण पद्धत स्पष्ट दिसते. आधी यादी, मग प्रश्न, तोही समोरासमोर, कारण जाहीर, आणि नियम घरच्यांनाही तोच. इनाम कमिशनमध्ये यातले काहीच नव्हते. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात जमवलेल्या संपत्तीची सनद या कमिशनने मागितली नाही.

आजचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५२ मध्ये जात इनामे रद्द केली. मराठवाड्यात हैदराबादचा इनाम रद्द करणारा कायदा लागू झाला. जमीन कसणाऱ्याला मिळावी हा त्यामागचा हेतू न्याय्य होता आणि तो कायदा लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाने केला होता. हा फरक महत्त्वाचा आहे. तरीही जुन्या पद्धतीचे अवशेष आपल्या कायद्यांत आहेत.

आर्थिक गैरव्यवहाराच्या संशयावरून मालमत्ता टाचेत घेणारा २००२ चा कायदा पाहा. त्यात पैसा स्वच्छ आहे हे दाखवण्याचा भार बऱ्याच अंशी आरोपीवर आहे. सक्तवसुली संचालनालयाने नोंदवलेला ईसीआयआर हा अंतर्गत दस्तऐवज आहे, त्याची प्रत देणे बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ च्या निकालात म्हटले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार ही यंत्रणा त्या कायद्यातून वगळलेली आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या तक्रारींपुरता अपवाद आहे, तेवढाच. काळा पैसा पकडला गेला पाहिजे, यात शंका नाही. पण भार एकाच्या डोक्यावर आणि फाइल दुसऱ्याच्या कपाटात, ही मांडणी १८५२ सालीही होती.

वक्फचा प्रश्न तर थेट या इतिहासाला जोडलेला आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये देशात सुमारे ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता असल्याचे सांगितले. त्यांतल्या अनेक जागांचे मूळ वक्फनामे नाहीत. कारण आपण वर पाहिले तेच. राजवटी बदलल्या, घरे जळाली, कागद सरकारजमा झाले. म्हणूनच दीर्घ वापराने वक्फ ही संकल्पना कायद्याने मान्य केली होती. २०२५ च्या दुरुस्तीने ती पुढच्या काळासाठी काढून टाकली. जागा सरकारी की वक्फची, असा वाद आला तर सरकारी अधिकाऱ्याने चौकशी करावी आणि ती संपेपर्यंत जागा वक्फ मानू नये, अशी तरतूदही केली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात या तरतुदीला स्थगिती दिली. मालकीहक्काचा निवाडा महसुली अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही, असा त्यामागचा विचार आहे. इनाम कमिशनपुढे उभ्या राहिलेल्या काझी-मुजावरांना एवढेच कुणी म्हणायला हवे होते.

वक्फ जमिनी हडपणारे आपलेच लोक आहेत, हेही विसरता कामा नये. मराठवाड्यात खिदमतमाश जमिनींचे जे व्यवहार झाले त्यांत मुतवल्ली, दलाल, पुढारी आणि अधिकारी सगळे सामील होते. बंद फाइल फक्त सरकारला सोयीची नसते, चोरालाही असते. म्हणून पारदर्शकता मागायची तर ती वक्फ मंडळाकडेही मागावी लागेल आणि आपल्या मशिदीच्या विश्वस्तांकडेही.

यातून आपल्यापुरते करण्यासारखे काही आहे. घरात, दर्ग्यात, मशिदीच्या कपाटात जे जुने कागद असतील ते आधी बाहेर काढून नीट फोटो घेऊन ठेवावेत. मूळ कागद कुणाच्याही हाती पोच घेतल्याशिवाय देऊ नये. हैदराबाद संस्थानच्या भागात मुंतखब, तर जुन्या मुंबई इलाख्यात १८६३ ची सनद शोधावी. पुण्याच्या पुरालेखागारात आज रीतसर अर्ज करून कागद पाहता येतात. पण ते वाचणारे किती आहेत? मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, त्यांत आपली मुले दिसत नाहीत. फारसी तर मदरशांतूनही जवळजवळ संपली. ज्या दोन लिप्यांत आपल्या पूर्वजांचे हक्क लिहिले आहेत त्या दोन्ही आपल्याला वाचता येत नसतील, तर दप्तर उघडे असूनही ते आपल्यासाठी बंदच आहे.

२१ हजार इनामांपैकी खोटी किती होती आणि खरी किती, हे आज कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. काही नक्कीच खोटी असतील. पण तपासणी उघड्यावर झाली असती, दोन्ही बाजूंना एकच कागद दिसला असता आणि निकाल तिऱ्हाइताने दिला असता, तर ज्यांचे खोटे ठरले त्यांनाही तक्रारीला जागा राहिली नसती. जप्ती बरोबर होती की चूक, हे सांगण्याचा मार्गच सरकारने शिल्लक ठेवला नाही. त्यामुळे खरे आणि खोटे दोघेही एकाच वाक्यात अडकून बसले : "इंग्रजांच्या काळात गेली."